आईला घेऊन नाशिकला

२९ जानेवारी, परभणी

निबंध स्वीकारला. सकाळी मेल उघडला आणि हातातला चहा तसाच निवून गेला. सहा-सात फेब्रुवारीला नाशिकला परिषद आहे. माझा विषय त्रिरश्मी लेण्यांच्या शिलालेखांत येणाऱ्या दान देणाऱ्या स्त्रिया. इतकी वर्षं या लेखांवर काम करतेय, पण ते सगळं पुस्तकातल्या ठशांवरून आणि दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंवरून. नाशिक मी पाहिलेलंच नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात इतिहासाची एक जागा भरणार आहेत. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे दर जूनला नव्याने विचारायला जायचं, यंदा घेणार का म्हणून. प्राचार्य म्हणाले, राष्ट्रीय परिषदेत वाचलेला निबंध हाताशी असला तर तुमच्याबद्दल बोलायला सोपं जाईल.

प्रश्न आईचा आहे. शेजारच्या आक्काबाई लेकीकडे गेल्यात, नाहीतर त्यांनी लक्ष दिलं असतं. पुण्याला दिनेशला फोन केला. धाकटा भाऊ अभिनंदन करायच्या आधीच शिकवायला लागला. आईला एकटं ठेवू नकोस म्हणे, आणि परिषदा दरवर्षी येतात, आधी तिला नांदेडला मेंदूच्या डॉक्टरकडे ने. दिवाळीत येऊन चार दिवस राहिला, तेवढ्यात त्याला सगळं कळलं. तिच्याकडून गॅस एकदा चालू राहिला, तो माझ्याकडूनही राहतो. आई सत्तरीच्या पुढे आहे, या वयात कोण विसरत नाही? मी तिच्यासोबत रोज राहते. मला दिसलं नसतं का?

ठरवलं. आईला घेऊनच जाते. तेवढंच तिचं फिरणं होईल.

४ फेब्रुवारी, नाशिक

दिवसभर गाडीत. आई खिडकीशी बसली होती, खुशीत. जालना गेल्यावर तिनं विचारलं, "कुठं जायलो गं आपण?" सांगितलं. संभाजीनगरला पुन्हा विचारलं, पुढे पुन्हा. गाडीच्या आवाजात तिला नीट ऐकू येत नसावं. एकदा कान तपासून घ्यायला हवेत.

मनमाडला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा ती दाराकडेच बघत राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, हे चहा आणायला उतरलेत, गाडी सुटेल. बाबा खरंच कुठल्याही स्टेशनावर चहासाठी उतरायचे आणि गाडी हलल्यावर धावत चढायचे. आई तोवर जीव मुठीत धरून बसायची. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. प्रवासात माणसाची आठवण येतेच. मी म्हटलं, येतील. असं का म्हटलं कोण जाणे, पण ती शांत झाली.

पंचवटीत एका भक्तनिवासात खोली मिळाली आहे. व्यवस्थापक मल्हारीभाऊ म्हणून आहेत, बोलके आणि अगत्याचे. कुंभमेळ्याच्या तयारीत रस्ते असे खोदलेत की रिक्षावाल्याने आम्हाला अलीकडच्या गल्लीतच उतरवलं. थंडी आमच्याकडच्यापेक्षा फारच.

५ फेब्रुवारी

आज लेणी पाहिली. आईला पायऱ्या झेपतील का ही धाकधूक होती, पण ती माझ्यापुढे चढत होती.

दहाव्या लेण्याच्या अंगणात विष्णुदत्तेचा लेख आहे. माझा निबंध मुख्यतः तिच्यावर. चारी दिशांहून या डोंगरावर येणाऱ्या भिक्षुसंघात जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठी तिनं कायमची ठेव दिली. लेणं नाही, खांब नाही, औषध. फोटोत जी अक्षरं मला पाठ होती ती इथं उन्हात किती झिजलेली दिसली. बराच वेळ तिथून हलवेना. मागे वळून बघितलं तर आई नव्हती. पण ती शेजारच्याच लेण्यात बुद्धमूर्तीपुढे हात जोडून उभी होती आणि त्रिशरण, पंचशील म्हणत होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका शब्दाची चूक नाही. सहलीला आलेली मुलं गप्प होऊन ऐकत होती. दिनेशला हे ऐकवायला हवं होतं. म्हणे मेंदूचा डॉक्टर.

उतरल्यावर पायथ्याशी पेरू घेतले. पेरूवालीला आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ही बाई सकाळपासून माझ्यासोबत आहे, लई मायाळू आहे. पेरूवाली हसली, मीही हसले. आता वाटतं, आई रुसली असणार. सकाळी तिनं एकावर एक दोन ब्लाउज घातले होते, त्यावरून मी जरा जोरात बोलले होते. थंडी होती, घातले तर घातले. मला एवढं चिडायचं काय कारण होतं?

संध्याकाळी काळाराम मंदिर. आईला आत जायचं नव्हतं, तिला दार बघायचं होतं. तिच्या आजोबांनी सत्याग्रहाच्या गोष्टी तिला लहानपणी सांगितल्या होत्या, त्या तिनं मला तिथंच उभ्या उभ्या सांगितल्या, नावानिशी. परत येताना मात्र वाट चुकली असं म्हणून माझा हात सोडून उलटी चालायला लागली. अनोळखी गाव आहे. मलाही कळत नव्हतं.

६ फेब्रुवारी

आजचा दिवस वाया गेला. पाहुणे उशिरा आले, मग दीपप्रज्वलन, मग शाली, मग ज्यांना शाली दिल्या त्यांची भाषणं. माझं सत्र उद्यावर ढकललं.

आमच्या सत्राचे अध्यक्ष निवृत्ती सर. नाशिकचेच, आता निवृत्त, शिलालेखांतला मोठा माणूस. काटकुळे, कडक. टेबलावर पितळी घंटा ठेवतात आणि वेळ संपली की वाक्याच्या मध्यात वाजवतात. आज दुसऱ्या सत्रात अमरावतीच्या एका प्राध्यापकांना त्यांनी विचारलं, तुम्ही हा लेख स्वतः पाहिलाय का? त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. मी काल लेणी पाहून आले ते किती बरं झालं.

आईला सोबत नेलं होतं, मागच्या रांगेत बसवलं. बीजभाषण रंगात आलं असताना ती एकदम उठली आणि मोठ्यानं विचारलं, "शाळा सुटली का?" सगळा हॉल वळून बघायला लागला. कुणीतरी हसलं. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. जरा घट्टच धरलं होतं. तिला झोप लागली असेल, स्वप्नात बोलली असेल. पण मला लाज वाटली. लाज वाटली याचीही आता लाज वाटतेय.

परिषदेची कापडी पिशवी मिळाली ती तिला दिली. ती खांद्याला लावून आई इतकी ऐटीत चालत होती की माझा राग गेला. तरी उद्या तिला नेणार नाही. खोलीतच राहू दे.

७ फेब्रुवारी, सकाळी

आईला नाश्ता दिला. टीव्ही लावून दिला. मल्हारीभाऊंना सांगितलं, बाहेर पडल्या तर बसवून ठेवा, मी दुपारच्या जेवणापर्यंत येते. ते म्हणाले, काळजी करू नका ताई, मी दारातच असतो. आईनं विचारलं, कुठं जायलीस? म्हटलं, शाळेत. तिला कॉलेज कळत नाही असं नाही, पण तोंडातून तेच आलं. ती म्हणाली, डबा घे.



७ फेब्रुवारी, दुपारी, पंचवटीतली पोलीस चौकी

आई सापडत नाही.

सरांनी मला इथं बसवलंय. फोटो पाठवायचाय, हवालदारबाई फोनवर बोलतायत. काहीतरी हातात हवं म्हणून लिहितेय.

निबंध चांगला झाला. हे लिहिताना लेखणी फेकून द्यावीशी वाटते. विष्णुदत्तेवर आले आणि टेबलावरचा फोन थरथरायला लागला. अनोळखी नंबर. थांबला, पुन्हा थरथरला. निवृत्ती सर बघत होते. मी फोन पालथा ठेवला आणि वाचत राहिले. आजाऱ्यांच्या औषधासाठी ठेव देणारी बाई हे मी ठासून वाचलं आणि फोन तिथंच थरथरत होता. सरांनी घंटा वाजवली नाही, दोन प्रश्नही घेऊ दिले. शेवटी म्हणाले, हा निबंध मला परिषदेच्या पुस्तकात हवा आहे, जेवताना भेटा, दोन माणसांशी तुमची ओळख करून देतो. टाळ्या झाल्या. मग मी फोन उलटा केला.

त्या नंबरवर फोन लावला तर मल्हारीभाऊ रडकुंडीला आले होते. एका कुटुंबाला खोली दाखवायला ते वर गेले होते, तेवढ्यात आई गेली. आधी त्यांनी आजूबाजूच्या गल्ल्या पाहिल्या आणि मग मला फोन लावत राहिले.

मी सरांना फक्त एवढं म्हणाले की आई हरवली आहे. ते जेवणाचं ताट तसंच ठेवून उठले आणि म्हणाले, चला. त्यांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून निघाले. खोदलेले रस्ते, वळसे, पुन्हा वळसे. प्रत्येक पांढऱ्या केसांच्या बाईपाशी आम्ही थांबत होतो. तपोवनाच्या रस्त्याला गेलो, सीतागुंफेच्या रांगेत बघितलं, काळारामाच्या दाराशी बघितलं. भाजीबाजारात मी नाव घेऊन ओरडत सुटले तेव्हा लोक बाजूला झाले.

रामकुंडावर सरांनी मला वरच थांबवलं. म्हणाले, तुम्ही इथून रस्त्यावर नजर ठेवा, आई त्या बाजूनं येतील. स्वतः खाली उतरले, पाण्याजवळच्या लोकांशी काही बोलले, काठानं लांबवर गेले. परत आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. म्हणाले, तिकडे नाहीत. मी रस्त्यावर नीट नजर ठेवली होती.

दिनेशला फोन लावला आणि कट केला. काय सांगू?

हवालदारबाईंनी विचारलं, आईंना काही आजार आहे का, विसरायला होतं का. मी नाही म्हणाले. सर माझ्याकडे बघत होते. मग मी म्हणाले, थोडं.

ऊन उतरायला लागलंय. तिच्या अंगावर स्वेटर आहे की नाही हे मला आठवत नाही.

८ फेब्रुवारी

आई शेजारी झोपली आहे. तिचा हात माझ्या पदराला आहे, म्हणून डायरी मांडीवर घेऊन वेडीवाकडी लिहितेय.

काल चौकीतच होतो तेव्हा परिषदेच्या कचेरीतून सरांना फोन आला. मखमलाबादहून कुणी भाग्यश्री नावाच्या मुलीनं, परिषद होती त्या कॉलेजात फोन केला होता. तिच्या सासूनं एका म्हाताऱ्या बाईंना घरी आणलं होतं आणि त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीवर कॉलेजचं नाव आणि नंबर छापलेला होता. सासूला वाचता येत नाही. सून शेतातून आल्यावर तिनं वाचलं.

मखमलाबाद लांब नाही, पण मला ती वाट संपेना. मळ्यातलं घर, पुढं अंगण, अंगणात झेंडूचा ढीग. आई त्या ढिगाशी मांडी घालून बसली होती आणि चांगली फुलं एका टोपलीत, दबलेली दुसऱ्या टोपलीत टाकत होती. अंगावर कुणाची तरी शाल होती. मी आई म्हणून धावले. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि त्या सुनेला म्हणाली, "पाव्हणे आले गं, पाणी दे."

मी तिथंच खाली बसले. पाणी प्याले.

सासूबाईंचं नाव चिमणाबाई. आमच्या भक्तनिवासापासून जवळ महापालिकेची शाळा आहे, तिच्या दाराशी त्या फुलं विकतात. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

"शनवारची शाळा लवकर सुटली. सगळी पोरं गेली, शिपायानी दार लावलं, तरी ह्या हालंनात. मी इचारलं, आजी, कोनाला न्यायचंय? तर म्हनल्या, माझी राखी आत हाय, तिसरीत. लय हुशार हाय. तिला सोडून मी कशी जाऊ? म्हनलं, या, माझ्यापाशी बसा, ऊन लय हाय. भाकर खाल्ली आमी दोघींनी. घर कुठं म्हनलं तर सांगता येईना. चौकीत जायचं म्हनलं तर भ्याल्या, रडाया लागल्या. मग आनलं घरी. चुकलं का माझं?"

मी म्हणाले, नाही चुकलं.

"तुमी कोन त्यांच्या? राखीला निरोप धाडाया पाहिजे. ती बी पोर कुठं तरी वाट बघत आसंल."

"मीच राखी," मी म्हणाले.

चिमणाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा टाकायला आत गेल्या.

सर अंगणातल्या बाजेवर बसले होते. आईनं त्यांना विचारलं, तुम्ही गुरुजी का? ते हो म्हणाले. मग तिनं त्यांना राखीचं सगळं सांगितलं. पाढे पाठ आहेत, अक्षर चांगलं आहे, हट्टी आहे, बापावर गेलीय. सर मान हलवत ऐकत होते. परिषदेत कुणाचं इतक्या शांतपणे ऐकताना मी त्यांना पाहिलं नाही. निघताना ते मला इतकंच म्हणाले की पुस्तकाची घाई नाही, जमेल तेव्हा पाठवा. त्या दोन माणसांची ओळख राहिली ती राहिली.

आम्ही दोघी रिक्षानं परतलो. अंधारायला लागलं होतं. आई माझ्याकडे सारखी बघत होती. मग तिनं माझा हात हातात घेतला.

"तुम्ही लई दमलाव. घरी कोण आहे तुमचं?"

मी म्हणाले, आई आहे.

"मग जा लवकर. वाट बघत असंल."

आज सकाळी उठली तेव्हा मला नावानं हाक मारली, चहा मागितला, हे नाशिकच ना म्हणाली. क्षणभर वाटलं, कालचं ते दमल्यामुळे झालं असेल, उन्हामुळे असेल. इतकं लिहिलं आणि मागची पानं चाळली. मनमाडचा चहा. पेरूवाली. शाळा सुटली का. सगळं माझ्याच अक्षरात आहे, आणि प्रत्येकाखाली मी एक कारण लिहून ठेवलंय.

दिनेशला फोन केला. तो मला बोलेल म्हणून मी तयार होते. मला फक्त त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मग म्हणाला, दिवाळीत तिनं मला भाऊजी म्हणून हाक मारली होती ताई, तुला कसं सांगावं ते कळलं नाही. बुधवारी तो नांदेडला येतोय. डॉक्टरची वेळ त्यानं आधीच घेऊन ठेवली होती, पुढं ढकलत होता.

९ फेब्रुवारी

आमची परतीची गाडी रात्रीची आहे. सामान बांधून झालं. मल्हारीभाऊ सकाळपासून जिन्याखालून हलले नाहीत, आणि आईनं साधी खिडकी उघडली तरी वर बघतात. मी त्यांना म्हणाले, तुमची चूक नाही. त्यांना ते पटलेलं नाही. मलाही माझ्याबद्दल पटत नाही.

दुपार व्हायला आली तशी आई अस्वस्थ झाली. पिशवी खांद्याला लावली, चपला शोधायला लागली. मी काय झालं विचारलं.

"शाळा सुटंल. पोरगी एकटी उभी राहील."

मी परवा म्हटलं असतं, आई, असं काय करतेस, मी इथंच आहे. ओठांवर आलंही होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतकी घाबरलेली होती की तिच्याशी वाद घालणं म्हणजे तिला ढकलून देण्यासारखं झालं असतं. मी चपला पुढं ठेवल्या आणि म्हणाले, चला, मीपण येते.

शाळेच्या दाराशी रिक्षा, सायकली, आया, आज्या. चिमणाबाईंनी दुरून हात केला, पण जागेवरून उठल्या नाहीत. आई पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि टाचा उंचावून आत बघायला लागली. घंटा झाली. पोरं लोंढ्यानं बाहेर आली. प्रत्येक पोरीचा चेहरा ती बघत होती, आणि ती पोर दुसऱ्या कुणाकडे धावली की तिची मान पुढच्या पोरीकडे वळायची. गर्दी ओसरली. शिपाई दार ओढायला आला.

माझ्याही नकळत मी तिच्या मागून निघून पलीकडून वळले आणि दाराच्या बाजूनं तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. काय करतेय, बरोबर की चूक, काही कळत नव्हतं. ती ओळखणार नाही अशी भीती मात्र होती, निबंध वाचतानाही एवढी नव्हती.

"आई, आले मी."

ती खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझे पांढरे व्हायला लागलेले केस, चष्मा, सगळं. मग तिनं माझ्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्याला लावली.

"किती उशीर गं," ती म्हणाली. "भूक लागली असंल."

म्हटलं, हो, लागलीय. आणि आम्ही निघालो. रस्ता ओलांडताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं, आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे, आणि मला पलीकडे नेलं.